सल्ला हवा: पन्हाळ्याच्या उतारावर चित्रपट संग्रहालय (आर्किटेक्चर थिसिस)

निशिगंधा_आर्क:
नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या थिसिससाठी कोल्हापूरच्या सिनेमाचं संग्रहालय डिझाइन करतेय, जागा पन्हाळा परिसरात. काचेच्या कपाटातले कॅमेरे नकोत. आत शिरलेला माणूस सिनेमाच्या आतच उभा राहिला पाहिजे. आणि इमारत तिथल्या जांभ्यातून, पावसातून, उतारातून सुचलेली हवी. त्यासाठी प्रत्यक्ष कोणती संग्रहालयं बघावीत? प्रवास-राहणं धरून १५,००० रुपये आहेत, महाराष्ट्राबाहेर जाता येणार नाही. जुलैअखेर साइट पक्की करायची आहे.

म्युनिककर:
बजेटचं नंतर बघू, आधी ऑस्ट्रियातलं सॉल्डन बघाच. गाइस्लाखकोगल शिखरात, ३,०४० मीटरवर, ००७ एलिमेंट्स आहे. जेम्स बाँडचं संग्रहालय, २०१८ साली उघडलं. तिथल्याच आइस क्यू रेस्टॉरंटमध्ये आणि आसपासच्या बर्फात स्पेक्टर (२०१५) चं शूटिंग झालं होतं. आम्ही सहकुटुंब गेलो होतो, फोटो अप्रतिम आले. इन्सब्रुकहून रेल्वे, पुढे बस, मग गोंडोला म्हणजे रोपवे. शेंगेन व्हिसाला आत्ताच अर्ज टाका.

सचिन_सांगली:
अहो, ताई १५ हजार म्हणतायत. तेवढ्यात व्हिसा आणि जाकीट होईल फक्त. मुंबईचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय बघा. पेडर रोडवर गुलशन महल हा जुना बंगला आणि शेजारी नवी इमारत, २०१९ पासून सुरू आहे. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

त्र्यंबकचा_राजू:
सिनेमाचं संग्रहालय आणि कोल्हापूर? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, डोंगराला लागूनच. विषय तिकडे न्या, निसर्ग आयता मिळेल.

खरी_कॉर्नर:
फाळक्यांना आमचा दंडवतच आहे, पण कोल्हापूरला कमी लेखू नका. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला सैरंध्री दाखवला. प्रभात फिल्म कंपनीसुद्धा १९२९ ला इथंच जन्मली, पुण्याला गेली १९३३ मध्ये. आमच्या चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो बघून जा. ताई, पन्हाळ्यावर आलात तर झुणका-भाकर खाल्ल्याशिवाय उतरू नका.

पुणेरी_रीळ:
प्रभातचं खरं मोठं काम पुण्यातलं. स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. एवढंच सांगायचं होतं.

खरी_कॉर्नर:
मूळ कुठलं ते आधी बोला.

वास्तू_मिलिंद:
धागा भरकटतोय. मी आर्किटेक्ट आहे, सॉल्डनला कामासाठी गेलो होतो, त्यामुळे म्युनिककरांना दुजोरा देतो. फोटोंसाठी नव्हे, डिझाइनसाठी. योहान ओबरमोझर यांनी इमारत शिखराच्या पोटात घातली आहे. बाहेरून डोंगराची रेषा मोडत नाही. आत उघडं काँक्रीट, आणि तापमान जेमतेम १ अंश. हीटर लावून उबदार करता आलं असतं, पण तळाशी कायम गोठलेली जमीन आहे, ती वितळू द्यायची नाही. म्हणजे जमिनीची अडचण तीच प्रेक्षकाची अनुभूती झाली! दालनांचा क्रमही नीट बघा. अंधाऱ्या बोगद्यातून माणूस एकदम उघड्या गच्चीवर येतो, समोर खरी शिखरं. परत अंधार, पडदे, आवाज. डोळ्यांना खऱ्या डोंगराची आठवण राहते, म्हणून पडद्यावरचा डोंगर सपाट वाटत नाही. हे समजायला तिकीट काढून जायची गरज नाही, सेक्शन (उभा छेद) आणि प्लॅन मिळवून अभ्यासा.
पन्हाळ्यावर गोठलेली जमीन नाही, पाऊस आहे. तुमची इमारत त्याला काय उत्तर देते, यावर थिसिस उभा राहील.

म्युनिककर:
मी हेच म्हणत होतो. सॉल्डनला पर्याय नाही.

गॅजेटगुरू:
सिनेमाच्या आत उभं राहायचं म्हणजे व्हीआर, डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जग दाखवणारं तंत्र. हेडसेट घ्या, ३६० अंशात प्रभातचा स्टुडिओ उभा करा. इमारत साधी शेड असली तरी चालते. माझ्याकडे नवीन हेडसेट आहे, जबरदस्त वस्तू.

जुना_ऑपरेटर:
थिएटरात प्रोजेक्टर चालवण्यात हयात गेली, म्हणून लिहितो. डोंगरावरच्या दमट हवेत पहिली खराब होते लेन्स. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि चित्र धुरकट दिसतं. घाटमाथ्यावरच्या एका प्रदर्शनात असे महागडे प्रोजेक्टर दोन पावसाळ्यांत कपाटात गेलेले पाहिलेत. हेडसेटचंही तेच, शिवाय डझनभर माणसांच्या घामाचे फोम पुसायला कुणी नसतं. जुनी ॲसिटेट फिल्म ओलीला सडते, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. नायट्रेट फिल्म तर पेट घेते. पुण्यात २००३ साली कोठाराला आग लागून प्रभातच्या काळातली रिळं गेली. अस्सल रिळं पन्हाळ्यावर नेऊच नका. खाली शहरात थंड कोठारात ठेवा, वर प्रती दाखवा. यंत्रांची खोली कोरडी ठेवायचा खर्च आराखड्यात आधी लिहा, रंग नंतर.

सचिन_सांगली:
+१. तरी मुंबईचं बघाच, सोमवार सोडून.

गडवाटा:
सगळे विसरलात ती गोष्ट सांगतो. पन्हाळा पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळाही आहे. तेव्हा हद्दीचा नकाशा आधी मिळवा.
आणि संग्रहालयं कशाला हिंडताय? गडावरची अंधारबाव बघा, मजल्यामजल्यांची जुनी विहीर. उन्हातून आत शिरायचं, पायऱ्या उतरताना हवा गार होत जाते, प्रकाश भिंतीवर एका बाजूनेच पडतो, आणि एका मजल्यावरून अचानक बाहेरचं दिसतं. पडदा नसलेलं थिएटरच आहे ते. मग अंबरखान्यात जाऊन उभ्या राहा. धान्य कोरडं ठेवायला बांधलेली कोठारं आहेत ती. जुन्या ऑपरेटर साहेबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथल्या जाड भिंतींत आहे. दिवाळीनंतर जा मात्र, पावसात धुक्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही.

खरी_कॉर्नर:
बरोबर. पावसात नको. डिसेंबरात या, गुळाचा हंगाम पण असतो.

वास्तू_मिलिंद:
मीही हेच सुचवेन. कोरड्या हवेत सर्व्हे नीट होतो. पावसाळ्यात मुंबई उरकून घ्या.

निशिगंधा_आर्क:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते असं. मुंबई नाही, नाशिक नाही, एकही संग्रहालय नाही. १५ हजार घेऊन जुलैच्या धो धो पावसातच पन्हाळ्यावर मुक्काम टाकणार आहे. मिलिंद सर, डिसेंबरात सर्व्हे सोपा होईल हे पटतं, पण माझ्या इमारतीचं खरं भांडण जुलैशी आहे. पाणी उतारावरून कुठून वाहतं, धुकं कोणत्या बाजूने आत येतं, अंबरखान्यात आणि बाहेर दमटपणात फरक किती, हे मला कोरड्या ऋतूत कळणार नाही. त्यासाठी दोन हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारी यंत्रं, घेतेय. साइट गडाच्या हद्दीबाहेर, जोतिबाकडे तोंड असलेल्या उतारावर शोधणार. अस्सल रिळं वर न्यायची नाहीत, हे पक्कं. व्हीआर नाही.

गॅजेटगुरू:
व्हीआर नाही हे पटलं नाही.

गडवाटा:
पावसात जाताय तर शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकट्या उतरू नका, कुणीतरी सोबत असू द्या. हद्दीच्या नकाशासाठी आधी अर्ज करून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही.

जुना_ऑपरेटर:
हायग्रोमीटर एक जमिनीलगत ठेवा आणि एक डोक्याच्या उंचीवर. पहाटेचं रीडिंग चुकवू नका. आकडे इथे टाका, मला बघायचे आहेत.