स्टँड-अप आणि पबातलं जेवण, सोबत सासरे! मदत हवी आहे

मंडळी, रविवारी दुपारी कोल्हापुरात दसरा चौकाजवळ मराठी स्टँड-अपचा शो आहे. आम्ही दोघं, पुण्याहून येणारा मेव्हणा आणि ऐनवेळी 'मी पण येतो' म्हणालेले सासरे. त्यांनी केशवराव भोसले नाट्यगृहात जन्मभर नाटकं बघितली, तीही पहिल्या रांगेत. (२०२४ च्या आगीचा विषय काढला की अजून गप्प होतात.) पण स्टँड-अपला पहिली रांग म्हणजे कलाकाराचं हक्काचं गिऱ्हाईक! 'काका, लव्ह मॅरेज का?' असं विचारलं तर हे उभं राहून सविस्तर उत्तर देतील, माईकही मागतील. न दुखावता त्यांना मागं कसं बसवू?

नंतर ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीकडं पबात जेवायचा बेत आहे. मेव्हणा बावीसचा, म्हणजे बिअर चालेल. व्हिस्कीला आपल्याकडं पंचवीस पूर्ण लागतात, ते त्याला सांगून ठेवलंय. सासरे पक्के शाकाहारी. पनीर चिलीच्या पुढं काहीतरी मिळेल आणि शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागणार नाही, असं ठिकाण कुणी स्वतः जाऊन बघितलंय का? टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का, तेही कळवा. 'त्यांना घरीच ठेवा' हा सल्ला नको, बायको पण हेच वाचतीय.