घाटात वेफर्सचं पाकीट फुगलं ते ठीक, पण टायरची हवा पण वाढली??

पनवेलकर_७७
मंडळी एक शंका आहे. परवा फॅमिलीला घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो, पोलादपूरवरून आंबेनळी घाटाने. सकाळी निघताना पंपावर चारही टायरला ३३ हवा टाकली, वर पोचल्यावर सहज म्हणून माझ्याकडच्या डिजिटल मीटरने बघितलं तर ३८! घाटात मागच्या सीटवरची वेफर्सची पाकिटं टम्म फुगली होती आणि येताना त्याच्या उलट, वर प्यायलेल्या पाण्याची रिकामी बाटली झाकण घट्ट लावून ठेवली होती ती पोलादपूर येईपर्यंत चेपून गेली. पाकिटाचं समजतं हो, वर हवा विरळ. पण टायर काय वेफर्सचं पाकीट आहे का, तो कुठे फुगतो? पुतणी अकरावीला आहे, ती म्हणाली काका टायर गरम झाला म्हणून, मग सकाळचे २५ डिग्री आणि गरम टायरचे अंदाजे ४५ धरून तिने ३३ गुणिले ४५ भागिले २५ केलं तर उत्तर ५९ 😅 खाली पंपावरचा पोरगा म्हणे नायट्रोजन भरा साहेब, त्याचं प्रेशर वाढतच नाही. थोडी हवा काढून टाकू का?

घाटवाट
अजिबात काढू नका!! गाडीच्या दरवाज्याजवळ स्टिकरवर जो आकडा असतो तो थंड टायरचा असतो, चालून गरम झाल्यावर तीनचार वाढणार हे कंपनीने धरलेलंच असतं. मी एकदा नगरला जाताना भर उन्हात हा शहाणपणा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर २९ वर.

अर्धा_मास्तर
पुतणीचं सूत्र बरोबर आहे, आकडे चुकीचे टाकलेत, आणि दोन्ही टाकलेत.

पहिलं, तापमान सेल्सिअसमध्ये नाही चालत, त्यात २७३ मिळवून केल्व्हिन करायचं. २५ चे झाले २९८ आणि ४५ चे ३१८, म्हणजे वाढ साधारण ७ टक्के, दुप्पट वगैरे काही नाही.

दुसरं जास्त गमतीचं आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात. हवेचा मीटर आतलं पूर्ण प्रेशर दाखवतच नाही, बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. पंक्चर टायरला मीटर लावा, शून्य येईल, पण आत काय हवाच नाही का? आहे की, बाहेर आहे तेवढीच. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय, म्हणजे तुमच्या टायरमध्ये सकाळी खरे ४७.७ होते. त्याला ३१८ ने गुणा, २९८ ने भागा, ५०.९ येतात. पनवेललाच टायर तेवढा तापला असता तर मीटरवर ३६ दिसले असते. पण तुम्ही १३५० मीटर वर चढलात, तिथे बाहेरचा दाब १५ टक्के कमी, साडेबाराच्या आसपास. ५०.९ वजा १२.५, झाले की तुमचे ३८. वरचे दोन हे टायरने केलेले नाहीत, डोंगराने केलेत!

पाकिटाला टायरसारखं कडक अंग नाही म्हणून तिथे दाब वाढण्याऐवजी आकारमान वाढतं, आणि बाटलीचं त्याच्या उलट, वरची विरळ हवा झाकणाखाली कोंडून खाली आणलीत म्हणून लिटरभर जागेतली शेदीडशे मिली तरी आत गेली असणार. घाटात कानाला दडे बसतात तेही ह्यातलंच.

नायट्रोजनबद्दल मात्र पंपवाल्याला सांगा की साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. कोरडी हवा भरा नाहीतर कोरडा नायट्रोजन, तापल्यावर दोघंही सारखेच वाढतात. फरक पडतो तो ओलसर हवेने, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असेल तर.

सुगरण_नाशिक
मग आमच्या स्वयंपाकघरातल्या सिलेंडरचं प्रेशर बघून गॅस किती उरला हे कळायला पाहिजे ना? हवा कमी तर प्रेशर कमी?

अर्धा_मास्तर
नाही ताई, तिथे हे सूत्र लागू पडत नाही कारण आत बराचसा गॅस पातळ स्वरूपात असतो. वरचा गॅस वापरला की खालचं पातळ उकळून ती जागा भरून काढतं, त्यामुळे तापमान तेच असेल तर शेवटचं पातळ संपेपर्यंत प्रेशर तेवढंच. म्हणून ज्योत शेवटपर्यंत नीट चालते आणि ऐन पाहुणे आले की पटकन जाते. वजनच करायचं, भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन वरच लिहिलेलं असतं.

सुगरण_नाशिक
म्हणजे सासूबाई सिलेंडर हलवून बघतात ते बरोबरच म्हणायचं 😄

पनवेलकर_७७
धन्यवाद मास्तर. आज सकाळी गाडी काढायच्या आधी मीटर लावला, चारही टायर बरोबर ३३. पुतणीला तुमचं उत्तर दाखवलं तर म्हणाली केल्व्हिनचं मला माहीत होतं, घाईत राहिलं. मीटरचं मात्र तिलाही नवीन होतं.