कलाभवनच्या, म्हणजे बडोद्याच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या, जुन्या मित्रांच्या ग्रुपवर हेमंतची बातमी

पराग: मंडळी, लेक यंदा आपल्या युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सला लागली. हा तिचा आजचा फोटो, कोपरापर्यंत माती. घरात आम्ही दोघंही इंजिनियर, ही कुठून निघाली कोण जाणे. फार आनंद झालाय.

वैशाली: अभिनंदन रे! १९५० ची फॅकल्टी ती, देशभरातून मुलं येतात तिथे. तुझी लेक तर घरून सायकलवर जाणार.

सुहास: अभिनंदन! पार्टी सेव-उसळीची, तर्री मारके.

अनघा: किती छान! तिला सांग, मावशी बघायला येणार आहे.

हेमंत: अभिनंदन पराग. बातमी द्यायची तर माझीही एक आहे. कंपनीने आमचं युनिट बंद केलंय. महिनाअखेरीस माझा शेवटचा दिवस. मुलगा बारावीत आहे. आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही, तेव्हा बडोद्यातल्यांनी कृपया घरी काही बोलू नका.

सुहास: अरे बापरे. काळजी करू नकोस, होतं ते बऱ्यासाठीच होतं.

पराग: हेमंत, संध्याकाळी फोन करतो.

अनघा: सुहास, तुझ्या मनात प्रेमच आहे हे माहीत आहे, पण हे बऱ्यासाठी झालेलं नाही. बावन्नाव्या वर्षी, पोरगं बारावीत असताना नोकरी जाणं वाईटच आहे. हेमंत, तू इथे सांगितलंस हे फार बरं केलंस. आपल्या ग्रुपवर प्रमोशन, नवं घर, व्हिसा, साखरपुडे, सगळं येतं. ज्याचं काही बिनसतं तो मात्र नुसते अंगठे देत राहतो आणि हळूहळू गप्प होतो. गेल्या काही वर्षांत असे दोघं-तिघं गप्प झालेत. नावं घेत नाही, त्यांनाही वाचता येतंय. कलाभवनात ड्रॉइंगची शीट अडली की रात्री कोणाच्याही खोलीचं दार वाजवायचो ना? मग आता कसला संकोच?

वैशाली: अनघाशी सहमत. हेमंत, मी इतकी वर्षं एचआरमध्ये काढली, तर कामाचं बोलते. पहिली गोष्ट मेडिक्लेम. कंपनीची ग्रुप पॉलिसी साधारणपणे नोकरीबरोबर संपते. तुला शुगर आहे. नवी पॉलिसी कोरी घेतलीस तर जुन्या आजारासाठी थांबावं लागतं, २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. पण त्याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केलास तर आजवर भरलेला काळ धरला जातो. हा अर्ज शेवटच्या दिवसाआधी, लेखी. एचआरला आजच मेल टाक.

हेमंत: हे डोक्यातच नव्हतं. मी पीएफचाच हिशेब करत बसलो होतो. पेन्शन पन्नाशीनंतर लगेच सुरू करता येते म्हणतात, ते खरं का?

वैशाली: खरं आहे, १० वर्षं सेवा झाली असेल तर. पण ५८ च्या आधी जितकी वर्षं घेशील त्या दर वर्षामागे ४ टक्के कपात, आणि ती जन्मभराची. रक्कम मुळात फार मोठी नसते, त्यात घाईने कात्री लावू नकोस. ग्रॅच्युइटी ३० दिवसांच्या आत द्यावी लागते. निदान शेवटचा बेसिक आणि डीए धरून, सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार; एका दिवसाचा पगार म्हणजे महिन्याचा भागिले २६. स्वतः हिशेब करून ठेव आणि त्यांच्या आकड्याशी ताडून बघ.

सुहास: हेमंत, माझं मघाचं सोड. मी दहेजला आहे, तुला माहीतच आहे. इथे आणि अंकलेश्वरला केमिकल प्लँटमध्ये हॅझॉपची, म्हणजे प्लँटमधले धोके आधीच शोधून काढायची, कामं सतत चालू असतात. त्या खोलीत सॉफ्टवेअर चालवणारी पोरं मिळतात. पण रात्रपाळीत व्हॉल्व्ह अडकला की खरंच काय होतं, हे सांगणारा प्लँट चालवलेला माणूस लागतो, आणि तो मिळत नाही. तुझी इतकी वर्षं प्लँटवरच गेलीत. सीव्ही पाठव. त्यात पदांची यादी नको. कुठले रिअॅक्टर, कुठली रसायनं, किती शटडाउन हाताखाली केले, ते लिही.

अनघा: आणि एक. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे उद्योगातल्या माणसांनी कॉलेजात शिकवायची, वाट मोकळी केली. उद्योगातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएचडीची अट नाही. कायमची नोकरी नव्हे, मुदतीचं काम असतं. पण मी रोज वर्गात बघते, डिस्टिलेशन कॉलम पुस्तकात पाहिलेल्या मुलांना तो चालवलेला माणूस भेटला की वर्गाचा चेहराच बदलतो. तू चांगला शिकवशील, हे मी थर्मोडायनॅमिक्सच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीपासून जाणते.

हेमंत: तुम्ही सगळे... काय बोलू. सीव्ही रात्री करतो. पण बाबांना कसं सांगू? ८२ वर्षांचे आहेत. रेल्वेत एका खुर्चीवरून रिटायर झालेला माणूस. त्यांना वाटेल, पोराने काहीतरी चूक केली.

अनघा: हेमंत, आता जरा स्पष्ट बोलते, रागावू नकोस. दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी मी महिन्या-दोन महिन्यांनी काका-काकूंकडे, तुझ्या आई-बाबांकडे, जाते. काकांनी मला १९७४ चा रेल्वे संप कितीदा सांगितलाय. ८ मे ते २७ मे. त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना सरकार बदलल्यावर १९७७ मध्ये परत घेतलं. तू तेव्हा तान्हा होतास. शेजारच्या घरचा पगार बंद झाला तेव्हा काकूंनी दोन्ही घरांचा स्वयंपाक एकाच चुलीवर केला होता, हे तुला ठाऊक आहे का? त्या माणसाला तू सांगणार की नोकरी जाणं म्हणजे काय? लपवून ठेवलंस आणि दिवाळीत तुझ्या तोंडावरून कळलं, तर ते जास्त दुखेल.

हेमंत: काकूंचं, म्हणजे आईचं, हे मला माहीत नव्हतं.

पराग: २०२४ च्या ऑगस्टमधला बडोद्याचा पूर आठव. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६ ची. आई समा भागातल्या घरात एकटी, मी तेव्हा बंगळूरला. तिने मला फोनवर सांगितलं, “सगळं ठीक आहे, पाणी रस्त्यावरच आहे.” पाणी तेव्हा तिच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं. खरं कळलं ते अनघाकडून. तिच्या नवऱ्याने आईला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, आणि गल्लीत मगर शिरल्याचा ओरडा चालूच. आईने माझी काळजी वाचवली म्हणे. मला अजून त्याचा त्रास होतो. तू काकांना सांग.

हेमंत: आत्ता लावतो.

सुहास: तोवर माझा एक प्रश्न. आईला ७४ पूर्ण झाली, कुठलाच मेडिक्लेम नाही.

वैशाली: सुहास, आयुष्मान वय वंदना कार्ड काढ. ७० च्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधार लागतं, बाकी काही नाही. कुठली हॉस्पिटलं यादीत आहेत ते मात्र आधीच बघून ठेव, ऐन वेळी शोधत फिरू नकोस.

हेमंत: बोललो. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, “मुलाची फी भरली का?” म्हटलं, भरली. म्हणाले, “मग झालं. दिवाळीला सगळे इकडे या, तिकिटं मी काढतो, मला सिनियरची सवलत आहे.” सवलत बंद झाली हे त्यांना दरवेळी सांगावं लागतं. आई रडली. पण नंतर तिनेच विचारलं, येताना पुण्याहून काय आणशील.

अनघा: बघ!

हेमंत: अनघा, अजून एक त्रास. बाबांचा हयातीचा दाखला. ८० च्या पुढच्यांचा १ ऑक्टोबरपासूनच घेतात ना? ते बँकेत जायचं म्हणतायत, आणि तो जिना मला नको वाटतो.

अनघा: बँकेत कशाला, फोनवर होतो. मी आमच्या सासऱ्यांचा तसाच केला. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, अशी दोन अॅप लागतात. काकांना चष्मा काढून खिडकीसमोर बसवायचं आणि सांगितलं की पापणी मिटायची. सासरे पापणी सोडून मानच हलवत होते, चौथ्या वेळी जमलं. रविवारी सकाळी जाते. पेन्शनचा पीपीओ नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल तयार ठेवायला सांग. काकूंसाठी लीलो चेवडाही नेते.

पराग: रविवारी मी बडोद्यातच आहे, मीही येतो. काकांना माझी लेक भेटवायची आहे.

सुहास: हेमंत, सीव्ही आज रात्रीच हं. सोमवारी आमच्या सेफ्टीवाल्याशी बोलायचंय.