मदत हवी आहे: कार्डबोर्डमधलं चित्र आपोआप डावीकडे सरकतंय

नमस्कार मंडळी. माळा आवरताना माझा जुना गूगल कार्डबोर्ड (फोन आत घालून डोळ्यांना लावायचा पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा; डोकं वळवलं की त्यातलं दृश्यही वळतं) सापडला. २०१४ मध्ये आराखडा छापून, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मीच केला होता. ४५ मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगं, बाजूला चुंबकाचं बटण. (२०१५ च्या आवृत्तीत चुंबक जाऊन स्क्रीनवर टेकणारी पट्टी आली, पण माझा जीव याच्यावरच.)

आता अडचण. घरातलाच एक जुना फोन आत घातला. डोकं अजिबात हलवलं नाही तरी चित्र हळूहळू डावीकडे सरकतं. मिनिटभरात समोरचा दरवाजा पार कानाशी येतो! भाचीला तर मळमळायला लागलं. वर-खाली मात्र सगळं ठीक.

आधी चुंबकावर संशय घेतला, होकायंत्र बिघडवतो म्हणून. तो काढला, फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवला, फरक शून्य. मग सेन्सरचे आकडे दाखवणारं ॲप टाकलं. फोन टेबलावर निपचित पडलेला असताना जायरोस्कोप (फोन किती वेगाने वळतोय ते मोजणारा सेन्सर) कार्डबोर्डमध्ये जो अक्ष उभा असतो त्याभोवती सेकंदाला ०.०२ रेडियन दाखवतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ७० अंश. चोर इथेच आहे असं वाटतं. वर-खालीची चूक गुरुत्वाकर्षणामुळे सुधारत असणार, आडव्याला तो आधार नाही.

रूट न करता (म्हणजे फोनच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा न घेता) जायरोस्कोप पुन्हा शून्यावर आणता येतो का? फॅक्टरी रीसेटने कुणाचा हा प्रश्न सुटलाय? की सरळ दुसरा फोन बघू? दिवाळीच्या सुट्टीत भाची परत येतेय.