मदत हवी आहे: अमेरिकी कॉलेजांतल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी आणि पुराव्याचा निकष

अभ्यासगटात या विषयावर बोलायचंय आणि एका मुद्द्यावर अडकलेय. तिथला मूळ कायदा १९७२ चा, टायटल नाइन, म्हणजे सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा. २०११ च्या सरकारी पत्राने कॉलेजांना सांगितलं, पारडं जरासं झुकलं तरी आरोप सिद्ध धरा. २०१७ मध्ये ते पत्र मागे घेतलं. २०२० च्या नियमांनी दोन पर्याय दिले: तोच निकष, नाहीतर त्याहून कडक 'स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा'. शिवाय सुनावणीत उलटतपासणी आली. ती आरोपी स्वतः घेत नाही, त्याचा सल्लागार घेतो. सल्लागार नसेल तर कॉलेज विनाशुल्क देतं. मागणी केल्यास तक्रारदार आणि आरोपी यांना वेगळ्या खोल्यांत बसवून व्हिडिओवर सुनावणी होते. २०२४ चे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने रद्द केले, म्हणजे गाडी पुन्हा २०२० वर.

माझा प्रश्न असा. इथे शिक्षा तुरुंगाची नाही, पण हकालपट्टीने करिअर संपू शकतं. मग निकष कडक हवा का? मला आधी तसंच वाटायचं. पण बंद खोलीतल्या प्रसंगाला साक्षीदार कुठून आणणार? कडक निकष लावला तर बहुतेक तक्रारी तिथेच बारगळतील, अशी भीती वाटते.

अशा चौकशी समितीवर कुणी काम केलंय का? उलटतपासणीने खरंच काही उलगडतं, की तक्रार करणारीच खचते? कृपया अनुभवावरून सांगा. कुणाचीही ओळख उघड होईल असं काही लिहू नका.