फ्लॅश ड्रायव्हरमध्ये डीएमए: गरज की हौस?

मगरपट्टावासी: काल रिव्ह्यूमध्ये जुंपली. चाकणच्या गिऱ्हाइकासाठी दुचाकीच्या ट्रॅकरचा बोर्ड, त्यावर विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८जेव्ही ही फ्लॅश मेमरी चिप, तिला जोडणारी एसपीआय ही सिरियल बस ४० मेगाहर्ट्झवर. टीममधल्या नव्या मुलाने लॉग लिहायला डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर) लावला आणि ड्रायव्हर दुप्पट फुगला. माझं मत, काढून टाका. २५६ बाइटचं पान वायरवरून जायला जेमतेम ५१ मायक्रोसेकंद. पुढे चिप ते आत लिहीत बसते साधारण ०.७ मिलिसेकंद, डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त ३. चार केबीचा सेक्टर पुसायला ४५ मिलिसेकंद, वाईटात वाईट ४००. वेळ खाते चिप, तिथे डीएमए काय करणार? ‘काम चालू आहे’ सांगणारा बिझी बिट विचारत बसण्यापेक्षा टास्क झोपवा, खरी बचत तिथे आहे. बरं, या पठ्ठ्याने तो बिट ज्यात असतो त्या स्टेटस रजिस्टरचे दोन बाइट वाचायलाही डीएमए लावलाय!

कोथरूडचा_कर्नल: दोन बाइटांचं वाचून हसलो. पण वाचण्याचं काय? बूटच्या वेळी १ एमबीची फर्मवेअर इमेज याच वेगाने वाचायला २१० मिलिसेकंद लागतात. डीएमए असेल तर एक तुकडा येतोय तोवर आधीच्या तुकड्याचा हॅश (इमेज शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) काढून होतो.

मगरपट्टावासी: वाचायला खुशाल लावा. मी लिहिण्याबद्दल बोलतोय.

भोसरी_फर्मवेअर: साफ असहमत. सगळ्यांचा एसपीआय ४० वर धावत नाही. आमच्या बोर्डावर ट्रेस (तांब्याच्या वाटा) लांब, म्हणून ८ मेगाहर्ट्झ. म्हणजे पानामागे २५६ मायक्रोसेकंद, आणि मोटरचा कंट्रोल लूप दर ५० मायक्रोसेकंदांनी.

मगरपट्टावासी: मग लूपच्या इंटरप्टला वरची प्रायॉरिटी द्या की. सीएस (चिप निवडणारी लाइन) खाली असेपर्यंत क्लॉक मध्येच थांबला तरी नॉर प्रकारच्या या फ्लॅशला काही फरक पडत नाही.

भोसरी_फर्मवेअर: लूप वाचेल हो, खालचे टास्क ताटकळतात त्याचं काय? शिवाय ट्रान्सफर चालू असताना कोअर झोपवता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॅकरवाल्याने तरी हे विसरू नये.

कॅशपीडित: कॉर्टेक्स-एम७ या कॅशवाल्या प्रोसेसर कोअरवर डीएमए लावणाऱ्यांनी आधी बफर कुठे आहे ते बघा. हाच कोअर असलेल्या एसटीएम३२एच७ मायक्रोकंट्रोलरमध्ये डीटीसीएम या कोअरला थेट जोडलेल्या रॅमपर्यंत डीएमए१ आणि डीएमए२ हे कंट्रोलर पोचतच नाहीत. बफर तिथे पडला तर ट्रान्सफर एरर येते, आणि एरर फ्लॅग कोणी बघत नसेल तर नुसती शांतता. दुसरं, कॅश लाइन (कॅशमध्ये एकदम येणारा मेमरीचा तुकडा) ३२ बाइटची. वाचल्यावर कॅशमधली जुनी प्रत इनव्हॅलिडेट म्हणजे रद्द करावी लागते, आणि बफर ३२ ला अलाइन नसेल तर शेजारच्या व्हेरिएबलमध्ये नुकतंच लिहिलेलंही पुसलं जातं. एका प्रोजेक्टमध्ये बफरला चिकटून ‘अपडेट चालू आहे’ हा फ्लॅग होता, तो मधूनच आपोआप शून्य व्हायचा. डीबगरने पायरीपायरीने गेलं की सगळं छान! फ्लॅश चिप बदलली, पुलअप रेझिस्टर बदलले, शेवटी मॅप फाइल (कोणतं व्हेरिएबल मेमरीत कुठे, ती यादी) उघडली तेव्हा दिसलं.

कोथरूडचा_कर्नल: लिनक्समध्येही तीच गत. यूबीआयएफएस ही फ्लॅशची फाइल सिस्टम खाली पाठवते ते बफर व्हीमॅलॉकचे (खऱ्या मेमरीत सलग नसलेले) असू शकतात, ते सरळ डीएमए-मॅप-सिंगल या फंक्शनला देता येत नाहीत. बाकी तिथे भांडण केव्हाच मिटलंय: एसपीआय ड्रायव्हरमध्ये कॅन-डीएमए नावाचा कॉलबॅक असतो, तो बहुधा लांबी बघून ठरवतो. छोटं असेल तर पीआयओ (प्रोसेसरनेच बाइट हलवणं), मोठं असेल तर डीएमए. असा उंबरठा ठेवा.

मगरपट्टावासी: उंबरठा चालेल. पण आमच्या ४० वर २५६ बाइट त्याच्या आतच राहणार, सांगून ठेवतो.

भोसरी_फर्मवेअर: ठेवा, पण दोन वाटा म्हणजे टेस्टिंगही दोन्हीचं. आणि डीएमए अर्ध्यात अडकला तर चॅनल बंद करून सीएस वर घेणारा टाइमआउट लिहिलाय का, ते आधी त्या मुलाला विचारा.