मुलाच्या चालीने शिकवणे शाळेला शक्य आहे का?

सी-४०३ : सर्वांना नमस्कार. काल आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर मुलांच्या निकालांचा विषय निघाला, तेव्हा ‘शाळा सर्वांना सारखेच शिकवते, मग काही मुले मागे का पडतात?’ असे कोणीतरी विचारले होते. मला वाटते, त्याचे एक मोठे कारण या सारखेपणातच आहे. माझा धाकटा मुलगा चौथीत आहे. ओळीखाली बोट ठेवून तो वाचतो, जोडाक्षर आले की थबकतो आणि पुन्हा ओळीच्या आरंभापासून सुरुवात करतो. तोच धडा मी वाचून दाखवला, तर पाण्याची वाफ कशी होते आणि ढग कसे तयार होतात, हे तो न अडखळता सांगतो. विज्ञानाच्या गेल्या पेपरात मात्र वेळ संपेपर्यंत त्याचे दहापैकी चारच प्रश्न वाचून झाले होते. प्रगतिपुस्तकात ‘विज्ञान कच्चे’ असा शेरा आला. तो वाचताना मला फार वाईट वाटले.

ए-२०१ : ताई, तुमची तळमळ समजते. परंतु चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात कोणी पाहून शिकते, कोणी ऐकून, कोणी हाताने करून; प्रत्येकाला वेगळे शिकवणे एका शिक्षकाला कसे जमावे?

सी-४०३ : काका, शंका रास्त आहे. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे अशी वर्गवारी मलाही नको आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरचे संशोधन तपासले, तेव्हा मुलाच्या ठरावीक शैलीत शिकवल्याने ते अधिक शिकते, याला पुरेसा आधार सापडला नाही. मुलाला आधीचे किती येते, समजायला किती वेळ लागतो आणि समजलेले त्याला कसे मांडता येते, यांत मात्र खरोखर फरक असतो. अपूर्णांकांची बेरीज चुकणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे पाढे कच्चे असतात, तर दुसऱ्याला छेद समान का करायचे हेच उमगलेले नसते. दोघांनाही तीच वीस गणिते पुन्हा घातली, तर दुसरा चुकीची रीतच घोटत बसतो. त्याला कागदाच्या पट्टीची घडी घालून एका अर्ध्यात दोन चतुर्थांश कसे बसतात, हे दाखवावे लागते.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेली प्रभुत्व-अध्ययनाची, म्हणजे एक घटक पक्का झाल्यावरच पुढे जाण्याची पद्धत भरल्या वर्गासाठीच होती. घटक संपला की छोटी चाचणी घ्यायची, ती गुणांसाठी नव्हे, तर कोण कुठे अडले हे कळावे म्हणून. मग अडलेल्यांना तोच भाग निराळ्या रीतीने समजावायचा आणि बाकीच्यांना त्याच विषयातले अधिक अवघड काम द्यायचे. यात शिक्षकांचे कष्ट वाढतात, हे मान्य आहे, म्हणून त्यांना तयारीसाठी मोकळे तास मिळायला हवेत.

माझ्या मुलाने वाचनाचा सराव रोज करायचाच आहे, त्यात सवलत मागत नाही. विज्ञानाच्या परीक्षेत मात्र प्रश्न कोणीतरी वाचून दाखवावेत आणि काही उत्तरे तोंडी घ्यावीत, अशी विनंती मी येत्या पालकसभेत लेखी देणार आहे. ज्यांच्या मुलांना अशी अडचण येते, त्यांनी संकोच न करता मला वेगळा मेसेज करावा, म्हणजे आपले अर्ज एकत्रच देता येतील.